सत्तेविना मुत्सद्देगिरी

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना राजदूत बसतात, परराष्ट्र खात्याचे सचिव बसतात, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी बसतात. गेली चाळीसेक वर्षे त्यांच्या शेजारी आणखी एक माणूस अधूनमधून दिसू लागला आहे, तो म्हणजे सेवासंस्थेचा सभासद. पेशाने तो वकील असतो, हृदयरोगतज्ज्ञ असतो, छापखान्याचा मालक असतो. त्याच्या पाठीशी सैन्य नसते, त्याच्या सहीने कोणताही देश बांधला जात नाही आणि या कामाचा पगारही त्याला मिळत नाही. तरीही युद्ध पेटलेल्या मुलखात लस पोचवण्याइतकी उसंत मिळवणे, धर्मगुरूंचे मन वळवणे, सरकारांच्या अंदाजपत्रकात परदेशातल्या मुलांसाठी तरतूद करून घेणे ही कामे त्याने केली आहेत. रोटरीच्या सभासदांनी पोलिओ निर्मूलनासाठी केलेली खटपट हे याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बोलावले. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरायची, म्हणून संस्थेला ‘रोटरी’ हे नाव पडले. प्रत्येक व्यवसायातून एकेक सभासद घ्यायचा, हा तिचा जुना नियम पुढच्या साऱ्या इतिहासासाठी महत्त्वाचा ठरला. त्या नियमामुळे एका क्लबात गावचा डॉक्टर, बँकेचा व्यवस्थापक, वाहतूकदार, वर्तमानपत्राचा मालक आणि शाळेचा मुख्याध्यापक एकत्र येत. एखादे काम अडले, तर ज्याच्या हातून ते सुटेल असा कोणीतरी त्याच खोलीत सापडे. भारतातला पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात निघाला. मुंबई आणि कोलंबो या दोन्ही शहरांत १९२९ मध्ये क्लब स्थापन झाले.

राष्ट्रांच्या कारभाराशी या संस्थेचा संबंध दुसऱ्या महायुद्धात जुळला. १९४२ मध्ये लंडनमध्ये रोटरीने शिक्षण आणि संस्कृतीच्या देवाणघेवाणीवर एक परिषद भरवली. पुढे युनेस्कोची स्थापना झाली, तिच्या पूर्वपीठिकेत या परिषदेचा उल्लेख केला जातो. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. त्या वेळी अमेरिकेने सल्लागार म्हणून ४२ बिगरसरकारी संघटनांना बोलावले होते आणि त्यांत रोटरी होती. वेगवेगळ्या देशांच्या शिष्टमंडळांतून आलेले रोटरीचे सभासद वेगळेच. सगळे मिळून त्यांची संख्या पन्नासच्या घरात होती. फिलिपिन्सच्या वतीने आलेले कार्लोस रोम्युलो त्यांच्यापैकीच. १९४९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. आज रोटरीला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत सल्लागार संस्थेचा सर्वोच्च दर्जा आहे. न्यूयॉर्क, जिनिव्हा, पॅरिस, रोम अशा ठिकाणी तिचे प्रतिनिधी नेमलेले असतात आणि तेही स्वयंसेवकच असतात.

दर्जा मिळाला तरी हाताशी ठोस काम हवे. ते १९७८–७९ मध्ये सापडले. त्या वर्षी जागतिक अध्यक्षपद क्वीन्सलंडमधल्या नांबूर या छोट्या गावच्या क्लेम रेनूफ यांच्याकडे होते. देवीचा रोग पृथ्वीवरून हद्दपार करायला सुमारे दहा कोटी डॉलर पुरले, हे त्यांच्या वाचनात आले. एवढ्या रकमेत एक रोग कायमचा संपत असेल, तर क्लबांनी मिळून दुसरा एखादा रोग का संपवू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी तो जॉन सेव्हर यांना विचारला. सेव्हर रोटरीचे पदाधिकारी होते आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संसर्गजन्य रोगांवर संशोधनही करत होते. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस तयार करणारे अल्बर्ट सेबिन यांच्याशी बोलून त्यांनी पोलिओचे नाव सुचवले. लस स्वस्त होती, साठवण जमण्यासारखी होती आणि डोस पाजायला सुईची किंवा प्रशिक्षित परिचारिकेची गरज नव्हती. गावातला कोणीही शहाणा माणूस तासाभरात हे काम शिकू शकत होता. बिनपगारी सभासदांच्या संघटनेला हेच काम पेलण्यासारखे होते.

२९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपिन्समध्ये पहिला करार झाला. साठ लाख मुलांना डोस द्यायचे आणि त्यासाठी रोटरीने ७ लाख ६० हजार डॉलर द्यायचे, असे ठरले. मनिलाजवळच्या मकाती भागात पहिल्या मुलाला डोस पाजताना देशाचे आरोग्यमंत्री आणि रोटरीचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स बोमार हजर होते. इटलीतल्या त्रेविल्योचे सेर्जो म्युलिच यांनी आपल्या क्लबांमार्फत फिलिपिन्सला पाच लाख डोस पाठवले. एका देशातल्या गावकऱ्यांनी दुसऱ्या देशाच्या आरोग्य खात्याला थेट लस पुरवली. पुढाकार दोन्हीकडच्या परराष्ट्र खात्यांचा नव्हता.

१९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ कार्यक्रम जाहीर झाला. बारा कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट होते. १९८८ च्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात हिशेब मांडला गेला, तेव्हा उद्दिष्ट कितीतरी मागे पडले होते आणि अखेरीस आकडा २४ कोटी ७० लाखांवर गेला. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ संपवण्याचा ठराव केला. त्या काळी सव्वाशेहून जास्त देशांत दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुले या रोगाने पंगू होत. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी अशी चौघांची भागीदारी उभी राहिली. गेट्स फाउंडेशन आणि ‘गावी’ ही लसीकरणाची आंतरराष्ट्रीय संस्था पुढे तिच्यात आल्या. पहिल्या चौघांपैकी तीन सरकारी किंवा आंतरसरकारी यंत्रणा होत्या आणि चौथी व्यापारी-व्यावसायिकांची क्लबसंघटना. सेवासंस्थेला बहुधा उद्घाटनाला बोलावतात आणि देणगीचा धनादेश घेऊन निरोप देतात. इथे ती पहिल्या दिवसापासून निर्णय घेणाऱ्यांमध्ये बसली, कारण ठराव होण्याआधीच तिने पैसा उभा केला होता.

या भागीदारीतला सर्वांत अवघड भाग होता युद्धक्षेत्रात शिरण्याचा. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांतून एकालाच पक्षाघात होतो. बाकीचे वरकरणी धडधाकट राहून रोग पसरवतात, त्यामुळे एखादा जिल्हा वगळला तर सगळा देश उघडा पडतो. बंडखोरांच्या ताब्यातली मुले वगळून निर्मूलन होऊच शकत नाही. एल साल्वादोरमध्ये १९८५ मध्ये यावर पहिल्यांदा मार्ग निघाला. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांना गळ घातली, कॅथलिक चर्चने बंडखोरांशी बोलणे केले आणि त्या वर्षी तीन वेगवेगळ्या दिवशी दोन्ही बाजूंनी बंदुका खाली ठेवल्या. अडीच लाखांच्या आसपास मुलांना लस मिळाली. १९९२ मध्ये शांतता करार होईपर्यंत दरवर्षी ही प्रथा पाळली गेली. या दिवसांना ‘शांततेचे दिवस’ म्हणू लागले.

असा विराम वाटतो तितका साधा नसतो. दोन शत्रू एका कागदावर सही करायला तयार नसतात. सही केली तर समोरच्याला मान्यता दिल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक बाजू मध्यस्थाला स्वतंत्रपणे शब्द देते आणि मध्यस्थ ते दोन शब्द जुळवतो. तारखा, वेळ, रस्ते, गाड्यांची संख्या, गाड्यांवरची चिन्हे, आत जाणाऱ्यांची नावे हे सगळे आधी दोघांनाही कळवावे लागते. चार ते सहा आठवड्यांनी दुसरी फेरी घ्यायची असते, म्हणून तोच शब्द पुन्हा मिळवावा लागतो. लस शीतसाखळीतून जाते, गावपातळीवर दोन ते आठ अंश तापमानात टिकवावी लागते. एखाद्या नाक्यावर गाडी अर्धा दिवस अडली की डोस वाया जाण्याचा धोका असतो. (१९९६ पासून लशीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन येऊ लागला, त्याआधी तर अंदाजावरच भागवावे लागे.) त्यामुळे मध्यस्थाला दोन्हीकडच्या वरिष्ठांचा होकार पुरत नाही. नाक्यावर उभा असलेला विशीतला बंदूकधारी गाडी ओळखेल की नाही, याचीही काळजी त्यालाच करावी लागते.

श्रीलंकेत हे काम ज्या समितीने केले, तिचे प्रमुख के. आर. रवींद्रन होते. कोलंबोतल्या रोटरी क्लबचे सभासद, मद्रासच्या लोयोला कॉलेजचे पदवीधर आणि चहाच्या वेष्टनांच्या छपाईत जगभर नाव असलेल्या कंपनीचे संस्थापक. १९८३ पासून देशाच्या उत्तरेत आणि पूर्वेत तमिळ वाघांशी युद्ध चालू होते. १९९५ च्या एप्रिलमध्ये शस्त्रसंधी मोडली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय लसीकरण दिवस घ्यायचे होते. सरकार, युनिसेफ आणि रोटरी यांचे प्रतिनिधी रवींद्रन यांच्या कृतिदलात होते. उत्तरेतल्या बंडखोरांशी बोलण्याचे अंग युनिसेफने सांभाळले, कारण तिकडे जाण्याची परवानगी आणि ओळख दोन्ही तिच्याकडे होत्या. कोलंबोतल्या मंत्र्यांना, लष्कराला आणि व्यापाऱ्यांना एका रेषेत आणणे हे काम क्लबाच्या माणसांचे. लसीकरणाच्या दिवशी उत्तरेत गोळीबार थांबला. श्रीलंकेत पोलिओचा शेवटचा रुग्ण १९९३ मध्येच सापडला होता; आता रोग परतू द्यायचा नव्हता. युद्ध मात्र २००९ पर्यंत चालले. म्हणजे पुढची सोळा वर्षे हा देश लढत राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मुले पोलिओपासून सुरक्षित राहिली. नागरी मुत्सद्देगिरीचा इतका स्वच्छ हिशेब क्वचितच मांडता येतो.

रवींद्रन यांचा उपयोग नेमका कुठे झाला, हे पाहण्यासारखे आहे. ते मंत्री असते तर त्यांचा प्रत्येक शब्द युद्धाच्या राजकारणात तोलला गेला असता. ते परदेशी अधिकारी असते तर तीन वर्षांनी बदली होऊन गेले असते. व्यावसायिक म्हणून त्यांना कोलंबोतच आयुष्य काढायचे होते, लोक त्यांना कारखान्यामुळे ओळखत होते आणि मोहिमेतून त्यांना निवडणूक जिंकायची नव्हती. युनिसेफच्या अधिकाऱ्याला जी गोष्ट पत्राने विचारावी लागे, ती ते फोनवर विचारू शकत होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हीच ओळख पुन्हा उपयोगी पडली. लाटेने उद्ध्वस्त झालेल्या पंचवीस शाळा जगभरच्या क्लबांच्या पैशातून नव्याने बांधल्या गेल्या, त्यांत पंधरा हजार मुलांची सोय झाली. त्या प्रकल्पाचे अध्यक्षही तेच होते. २०१५–१६ मध्ये ते रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. हे पद मिळालेले ते पहिले श्रीलंकन.

प्रतिष्ठित नागरिक समितीवर बसवला की काम होतेच, असा समज श्रीलंकेवरून झाला तर तो उत्तर नायजेरियात मोडतो. २००३ मध्ये कानो प्रांताने पोलिओची लस थांबवली. लशीत मुलींना वांझ करणारे द्रव्य आणि एड्सचा विषाणू आहे, अशी अफवा उठली होती. अफवेला जमीन मिळाली होती. १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत एका बड्या औषध कंपनीने कानोतल्या आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती आणि तिच्याबद्दलचा संताप अजून ताजा होता. विशेष म्हणजे त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष जोनाथन माजियाग्बे होते. आफ्रिकेतून या पदावर पोचलेले ते पहिले आणि स्वतः कानोत वकिली करणारे. संस्थेचा सर्वोच्च पदाधिकारी त्याच गावचा असूनही लसबंदी वर्षाच्या आसपास टिकली. क्लब शहराच्या वकील-डॉक्टरांपर्यंत पोचत होता. बंदीचा निर्णय मात्र मशिदींत आणि अमीरांच्या, म्हणजे परंपरागत मुस्लीम राज्यकर्त्यांच्या, दरबारात मान्य झालेला होता. ती दारे उघडण्यासाठी दुसऱ्या ओळखी हव्या होत्या.

२००४ च्या जुलैत तोडगा निघाला. लस इंडोनेशिया या मुस्लीमबहुल देशातून मागवली गेली आणि नायजेरियाच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी तिच्या शुद्धतेची खात्री केली. पण या बंदीमुळे नायजेरियातला विषाणू वीसेक देशांत पोचला. २००५ मध्ये तो खुद्द इंडोनेशियात उद्भवला. झालेले नुकसान भरून यायला दीड दशक लागले. पुढे सोकोटोचे सुलतान आणि उत्तरेतले अमीर मोहिमेत उतरले, ते आपापल्या वाड्यांवरून गावांना निरोप धाडू लागले. रोटरीच्या राष्ट्रीय समितीची धुरा टुंजी फुन्शो या हृदयरोगतज्ज्ञाकडे आली. २५ ऑगस्ट २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य, म्हणजे निसर्गतः आढळणाऱ्या, पोलिओपासून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले आणि त्याच वर्षी ‘टाइम’ नियतकालिकाच्या शंभर प्रभावी व्यक्तींत फुन्शो यांचे नाव आले.

भारतात तोच पेच उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात उभा राहिला. इथे १९९५ च्या डिसेंबरात देशव्यापी पल्स पोलिओ सुरू झाले होते. डाव्या करंगळीवर शाईची खूण ही मराठी घरांतल्या एका पिढीची ओळखीची आठवण. मुंबईच्या परळमधले हाफकिन महामंडळ लस पुरवणाऱ्यांपैकी होते. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा माग काढण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले. रुग्ण सापडत नसतानाही विषाणू शहरात फिरतो आहे का, हे त्यावरून कळे. तरीही २००२ मध्ये देशात १६०० मुलांना पक्षाघात झाला आणि बहुतेक उत्तर प्रदेशात. डोस नाकारणाऱ्या घरांत मुस्लीम कुटुंबे लक्षणीय होती. लसीकरणाच्या नावाखाली नसबंदी होईल, ही त्यांची भीती आणीबाणीइतकी जुनी होती.

दीपक कपूर यांच्या अध्यक्षतेखालच्या रोटरीच्या राष्ट्रीय समितीने इथे कानोचा धडा घेतला. रोटरीचे बिल्ले लावून दारोदार फिरण्यापेक्षा तिने उलेमांची समिती बांधली. मौलवींनी डॉक्टरांना हवे ते प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, मग शुक्रवारच्या नमाजानंतर डोस पाजण्याचे आवाहन केले. कित्येकांनी बूथचे उद्घाटन स्वतःच्या नातवंडांना डोस पाजून केले. युनिसेफने मोहल्ल्यातल्याच बायकांना घरोघर बोलण्यासाठी नेमले. एकेका राष्ट्रीय फेरीत २४ लाखांच्या आसपास लोक सतरा कोटी मुलांपर्यंत पोचत. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एकच, असा आकडा उतरला. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेला रुग्ण भारतातला शेवटचा ठरला. त्या वर्षाच्या मध्यात रोटरीचे जागतिक अध्यक्षपद वापीच्या कल्याण बॅनर्जी यांच्याकडे आले. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

पैशाची मुत्सद्देगिरी डोळ्यांत भरत नाही, पण तिच्याशिवाय बाकीचे काही उभे राहिले नसते. रोटरीने आजवर २.६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली. तिच्या सभासदांनी सरकारांकडून मिळवलेला पैसा त्याच्या कितीतरी पट आहे. १९९५ पासून अमेरिकेतले सभासद आपापल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला भेटून पोलिओच्या तरतुदीबद्दल बोलू लागले. शेजारच्या गावचा दंतवैद्य दरवर्षी येऊन परदेशातल्या मुलांसाठी पैसे मागतो, तेव्हा प्रतिनिधीला तो टाळता येत नाही. सभासद दरवर्षी पाच कोटी डॉलर जमवतात आणि गेट्स फाउंडेशन त्यात दुपटीची भर घालते. शांततेचे शिक्षणही संस्थेने हाती घेतले: उप्साला, ब्रॅडफर्ड, टोकियो, कंपाला अशा ठिकाणच्या विद्यापीठांत तिची शांतता केंद्रे चालतात, पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठाचीही अशा केंद्रासाठी निवड झाली आहे.

या साऱ्याला मर्यादा आहे आणि ती दोन देशांत उघड दिसते. २०११ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी हेपटायटिस बीच्या लसीकरणाचा बनाव केला. तो उघडकीस आला आणि डोस घेऊन येणाऱ्या प्रत्येकावर संशय बसला. २०१२ च्या जूनमध्ये उत्तर वझिरीस्तानातल्या एका तालिबानी गटाने लसीकरणच बंद केले. डिसेंबरात कराची आणि पेशावरमध्ये लसीकरण कार्यकर्त्यांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, गोळ्या घातल्या गेल्या. लसीकरणाचा हेरगिरीसाठी वापर करणार नाही, असे अमेरिकेने २०१४ मध्ये जाहीर केले. तोवर वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास एका बनावाने खर्ची पडला होता. तो सेवासंस्थेने कमावलेला होता आणि गमावला एका सरकारच्या गुप्तहेर खात्याने. अफगाणिस्तानात दक्षिणेकडे घरोघर जाऊन डोस देण्यावरच बंधने आहेत. मशिदीत डोस द्या म्हटले तर घरातून न निघणाऱ्या आईचे तान्हे मूल सुटते. २०२१ मध्ये वन्य पोलिओचे रुग्ण पाकिस्तानात एक आणि अफगाणिस्तानात चार, इतके खाली आले होते. २०२४ मध्ये ते अनुक्रमे ७४ आणि २५ झाले.

विराम मिळवण्याचे तंत्र मात्र जिवंत आहे. गाझात २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला; तो लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेल्या दुसऱ्या प्रकाराचा होता. १ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान भागाभागाने काही तास लढाई थांबली आणि साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस मिळाले. हे बोलणे संयुक्त राष्ट्रांनी केले. क्लबाच्या सभासदाला तिथे शिरकाव नव्हता आणि तसा दावाही कोणी केला नाही.

पाकिस्तानात मात्र सभासदाला असा शिरकाव आहे. कराचीचे उद्योजक अझीझ मेमन यांच्या पुढाकाराने तिथल्या राष्ट्रीय समितीने बसथांब्यांवर आणि सरहद्दीच्या नाक्यांवर डोस देणारी कायमची ठाणी उभारायला मदत केली. वस्त्यांतून फिरताना एक तक्रार सारखी ऐकू येत असे: पोलिओचे डोस दरमहा दारात येतात, पिण्याचे पाणी मात्र येत नाही. तक्रार खरी होती. पोलिओचा विषाणूही मैल्यातून आणि दूषित पाण्यातूनच पसरतो. म्हणून सर्वांत धोक्याच्या वस्त्यांत सौरऊर्जेवर चालणारी जलशुद्धीकरण संयंत्रे बसवायला समितीने सुरुवात केली.